कॅमकॉर्डरच्या जुन्या कॅसेट घरच्या संगणकावर उतरवून डीव्हीडी करायच्या तर

रत्नागिरीहून आलेला प्रश्न असा: वडिलांच्या कपाटात अकरा मिनीडीव्ही, चार ८ मिलिमीटरच्या आणि दोन व्हीएचएस कॅसेट सापडल्या. धाकट्या भावाची मुंज, गणपती, बहिणीचं लग्न, घराची वास्तुशांत असं बरंच काही आहे. मिनीडीव्हीचा कॅमेरा अजून चालू होतो, पण यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडला की कॅसेटमधलं काही दिसत नाही, फक्त मेमरी कार्ड उघडतं. आईला टीव्हीवर बघता यावं म्हणून डीव्हीडी करायच्या आहेत. काय विकत घ्यावं, घरी जमेल का, की सरळ दुकानात द्यावं?

घरी जमेल. मिनीडीव्ही तर नक्की जमेल, ८ मिलिमीटरचं थोडं नशिबावर आहे, आणि व्हीएचएस दोनच आहेत म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं सामान घेत बसू नका, त्या बाहेर द्या. पण एक गोष्ट आधीच पक्की करा, कारण पुढची सगळी खरेदी तिच्यावर ठरते. डीव्हीडी ही दाखवायची वस्तू आहे, जपून ठेवायची वस्तू वेगळी. मिनीडीव्ही कॅसेटवर जे आहे ते मुळातच आकड्यांच्या रूपात आहे. ते जसंच्या तसं हार्ड डिस्कवर उतरलं की ती डीव्ही फाइल, म्हणजे तुमची मूळ प्रत. डीव्हीडी करताना तीच माहिती दाबून दाबून चौथ्या-पाचव्या हिश्शात बसवावी लागते, आणि एकदा दाबलेलं परत फुलत नाही. आमच्याकडे शेतकरी बियाण्याचं पोतं बाजूला ठेवतो, ते गिरणीत नेत नाही. इथंही तसंच करा. आधी डीव्ही फाइल, मग तिच्यावरून डीव्हीडी. कॅसेटवरून थेट डीव्हीडी करणारी पेट्यांसारखी रेकॉर्डर यंत्रं पूर्वी मिळायची, अजूनही कुणाकडे असतील. मी लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात ती भरपूर वापरली, कारण गिऱ्हाईक दारात उभं असायचं. आज तुमच्या जागी असतो तर हात लावला नसता.

हिशेब सांगतो. आपल्याकडच्या, म्हणजे पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्ही चित्राची एक चौकट (फ्रेम) बरोबर १,४४,००० बाइटची असते. सेकंदाला २५ चौकटी, म्हणजे सेकंदाला ३.६ मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण १३ जीबी. तुमच्या अकरा कॅसेट भरगच्च असल्या तरी दीडशे जीबीच्या आसपास. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये हे सगळं एका कोपऱ्यात बसेल. डिस्क मात्र एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. जुन्या फॅट३२ वर फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, आणि वीसेक मिनिटं होण्याआधीच कॅप्चर, म्हणजे संगणकावर उतरवणं, थांबतं. लोक मग कॅसेटला दोष देतात.

आणि वेळ. एक तासाची कॅसेट उतरायला एक तासच लागतो. पेन ड्राइव्हवरून गाणी ओढावीत तसं हे नाही, कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजावी लागते. सतरा कॅसेट म्हणजे सुट्टीचे चार-पाच दिवस धरा. एका दिवसात उरकायला जाऊ नका, कॅमेरा तापतो.

आता कॅसेट कॅमेऱ्यात घालण्यापूर्वी. तुम्ही कोकणातले, म्हणून हे जरा सावकाश वाचा. प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आतलं रीळ बघा. रिळाची कड काळी, गुळगुळीत, आरशासारखी दिसली पाहिजे. तिच्यावर पांढरट पूड, ठिपके किंवा कापसासारखे धागे दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट कॅमेऱ्यात घालायची नाही. "एकदा बघू तर" असंसुद्धा नाही. मी हे एका पावसाळ्यात करून बसलोय. चिपळूणच्या एका घरातली कॅसेट होती, कडेला जेमतेम नखाएवढा पांढरा डाग. मशीनमध्ये घातली, दोन मिनिटांत चित्र गेलं. ती काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाची चांगली कॅसेट घातली, तर तिच्यावरही तीच घाण बसली. चूक माझी, भुर्दंडही माझा. बुरशीची कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवा. ज्याच्याकडे त्या कामासाठी बाजूला काढलेलं मशीन आहे, त्याच्याकडेच ती द्यायची. आणि घरी तिचं झाकण उघडून टेप पुसत बसू नका. ही बुरशी नाकात जाणं चांगलं नाही, आणि मिनीडीव्हीची टेप पाव इंच रुंद, कांद्याच्या सालीसारखी. एकदा चुरगळली की तेवढा प्रसंग गेला.

ओघात सांगतो, ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या सांगलीत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा भिजलेल्या कॅसेट घेऊन बरेच जण आले होते. ज्यांनी त्या गच्चीवर उन्हात वाळवल्या होत्या त्यांच्या सगळ्यात वाईट निघाल्या. गाळासकट वाळलं की टेपचे थर एकमेकांना धरून बसतात. ऊन नको, केसांचा ड्रायर तर नकोच.

दुसरं, प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर एक छोटी सरकती पट्टी असते. ती 'सेव्ह' बाजूला सरकवा. एवढं केलं की चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वर रेकॉर्डिंग होणार नाही. व्हीएचएसमध्ये त्या जागी प्लास्टिकचा तुकडा असतो, तो मोडून काढायचा. हे काम सगळ्यात आधी, कॅसेट मोजतानाच उरका.

तिसरं, पावसाळ्यात एसीच्या खोलीतून दमट खोलीत कॅमेरा आणला की आतल्या गोल ड्रमवर दव धरतं. पडद्यावर थेंबाचं चिन्ह येतं. तेव्हा कॅसेट बाहेर काढा, कप्पा उघडा ठेवा आणि तासभर चहा-नाश्ता करून या. ओल्या ड्रमला टेप चिकटली तर गुंडाळून बसते. त्यापेक्षा हे सगळं काम दिवाळीनंतर काढलेलं बरं.

आणि पहिली कॅसेट मुंजीची नको. घरात जी सगळ्यात कमी महत्त्वाची असेल, कुणाच्या तरी शाळेचं स्नेहसंमेलन वगैरे, ती घालून कॅमेरा तपासा. नीट आत घेतो का, वाजवतो का, नीट बाहेर देतो का. वीस वर्षं पडून असलेल्या यंत्रावर एवढा विश्वास टाकायचा नसतो. मी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवून घेतो, रीळ सारखं बसतं आणि मग वाजवताना अडखळत नाही.

आता तुमच्या यूएसबीचं. त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. त्या काळातल्या बहुतेक हँडीकॅमना यूएसबी दिली ती मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी. फार तर वेबकॅमसारखं चिरकुट चित्र तिच्यातून यायचं. कॅसेटवरचा डीव्ही प्रवाह बाहेर पडतो तो दुसऱ्या एका बारीक भोकातून. त्याच्याजवळ 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं असेल, चार पिनांचं असतं. तेच फायरवायर, तेच १३९४. नावं तीन, वस्तू एक.

इथं लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात, म्हणून नीट ऐका. ऑनलाइन बाजारात एक स्वस्त वायर मिळते, एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला चार पिनांचं फायरवायर. ती या कामाची नाही. आत कुठलाही चिप नसतो, नुसत्या तारा तारांना जोडलेल्या. यूएसबी आणि फायरवायर यांची बोलण्याची पद्धतच वेगळी, तारा जुळवून ती एक होत नाही. माझ्याकडे अशा पाच-सहा वायरी गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या पडल्या आहेत.

मग करायचं काय? घरात किंवा शेजारी डेस्कटॉप संगणक असेल तर त्यात पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड बसवा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं मिळालं तर उत्तम, मला त्यांनी कमी त्रास दिलाय. डेस्कटॉप नसेल तर २००५ ते २०१० च्या सुमाराचा जुना लॅपटॉप शोधा. त्यातल्या बऱ्याच लॅपटॉपांना कडेला चार पिनांचं भोक असायचंच. कुणाच्या तरी माळ्यावर असेल. बॅटरी मेलेली असली तरी चालते, चार्जरवर काम होतं. आतली हार्ड डिस्क तेवढी धडधाकट हवी. नव्या मॅकवर पूर्वी थंडरबोल्टचा अडॅप्टर लावून हे जमायचं, पण मॅकओएसच्या २०२५ मधल्या टाहो आवृत्तीपासून अॅपलने फायरवायरच काढून टाकलंय. म्हणजे मॅक वापरायचाच तर जुनी आवृत्ती असलेला.

जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. संगणकाकडचं सहा पिनांचं टोक वीजसुद्धा वाहून नेतं. ते उलटं रेटून बसवलं तर कॅमेऱ्याचं डीव्ही भोक जळतं, आणि ते जळलं की कॅमेरा आपल्या कामातून उठला. कॅमेरा बॅटरीवर नको, अडॅप्टरवर ठेवा, आणि बटण 'व्हीसीआर' किंवा 'प्ले' या जागी.

विंडोज ७ असेल तर बहुधा आपोआप ओळखेल. विंडोज ८ पासून पुढे जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, सोबत येत नाही. मायक्रोसॉफ्टकडून '१३९४ ओएचसीआय लेगसी' नावाचा ड्रायव्हर उतरवून डिव्हाइस मॅनेजरमधून हाताने बसवावा लागतो. कार्ड दिसतंय पण कॅमेरा दिसत नाही, अशी तक्रार असली की दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

कॅप्चरसाठी मी 'विनडीव्ही' वापरतो. फुकट आहे, दिसायला अगदी साधं आहे, आणि दुसरं काही करत नाही हाच त्याचा गुण. लिनक्सवाल्यांना 'डीव्हीग्रॅब' आहे. मोठमोठ्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून कॅप्चर करू नका, ती आपल्या सोयीने काहीतरी बदलतात. विनडीव्हीत दोन गोष्टी बघा. एव्हीआय, म्हणजे तयार होणाऱ्या व्हिडिओ फाइलचा प्रकार 'टाइप २' ठेवा, तो सगळीकडे उघडतो. आणि खंड पडला की नवी फाइल सुरू करण्याची सोय चालू ठेवा. डीव्ही टेपवर प्रत्येक चौकटीबरोबर चित्रणाची तारीख आणि वेळ लिहिलेली असते, कॅमेऱ्याचं घड्याळ तेव्हा लावलेलं असलं तर. विनडीव्ही ती वाचतं आणि फाइलच्या नावातच घालतं. मुंजीची फाइल आपोआप त्या दिवसाच्या तारखेने, सकाळी आठ बाराला सुरू झालेली, अशी वेगळी पडते. डीव्हीडी केली की ही तारीख कायमची गळून जाते. मूळ फाइल ठेवा म्हणतो त्याचं हे आणखी एक कारण. बाबांनी चिठ्ठीवर काय लिहिलंय त्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते. घड्याळच चुकलेलं असलं तर मात्र सगळी कॅसेट १ जानेवारीचीच निघेल.

उतरवताना पडद्यावर चौकोन चौकोन दिसले तर घाबरू नका, पण बघा कसे दिसतात. पालमध्ये चित्राची एक चौकट टेपवर बारा तिरक्या रेघांत लिहिलेली असते आणि ड्रमवरची दोन हेड, म्हणजे टेप वाचणारी टोकं, त्या आळीपाळीने वाचतात. एक हेड मळलं की चित्राच्या बारा आडव्या पट्ट्यांपैकी एक सोडून एक पट्टी गोठते. वधूचं कपाळ हलतंय, डोळे थांबलेत, ओठ हलतायत, असं विचित्र दिसतं. हे दिसलं की टेप बरी आहे, हेड मळलंय असं समजा. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवा, त्याहून जास्त नाही, ती सँडपेपरसारखी असते. कान पुसायची कापसाची काडी घेऊन ड्रम पुसायला जाऊ नका, धागा अडकून हेड उपटतं.

स्वच्छ करूनही चौकोन जात नसतील तर दोन शंका घ्या. एक म्हणजे कॅसेट 'एलपी'वर, म्हणजे तासाच्या टेपवर दीड तास, अशी भरलेली असेल. तिथं रेघा इतक्या बारीक असतात की बऱ्याचदा ज्या कॅमेऱ्याने भरलं त्याच कॅमेऱ्यावर ती नीट वाजते. तुमच्याकडे तो कॅमेरा आहे हे नशीब, म्हणून तो विकू नका. दुसरी शंका बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटची. ती शूटिंगवाल्याने भरलेली असणार. आम्ही व्हीएचएसच्या दिवसांत पॅनासॉनिकचे खांद्यावरचे एम-९००० घेऊन फिरायचो, पुढे सोनीचे पीडी-१५०, पीडी-१७० आले. त्यांत मिनीडीव्हीच कॅसेट जाते, पण 'डीव्हीकॅम' पद्धतीने भरली तर साठ मिनिटांच्या कॅसेटवर चाळीसच मिनिटं मावतात, आणि घरगुती कॅमेऱ्यांपैकी काही ती वाजवत नाहीत. तसं निघालं तर कॅसेट खराब आहे असं समजून फेकू नका, व्यावसायिक मशीनवर ती वाजेल.

आवाजाची एक खोड आहे. कॅमेऱ्यात १२ बिट आणि १६ बिट असे दोन पर्याय असायचे. एकाच कॅसेटवर कुणी मध्येच पर्याय बदललेला असेल तर एकाच लांब फाइलमध्ये पुढचा भाग चिरकतो किंवा जड, लांबलेला ऐकू येतो. खंड पडला की फाइल तोडण्याची सोय चालू असली तर बहुतेकदा हे टळतं. नाही टळलं तर तेवढा भाग वेगळा उतरवा.

८ मिलिमीटरच्या चार. आकारावरून त्या कुठल्या हे कळणार नाही. व्हिडिओ८ आलं १९८४-८५ च्या सुमारास, हाय८ १९८९ मध्ये, आणि १९९९ मध्ये सोनीने त्याच कॅसेटवर डिजिटल८ आणलं. कॅसेटवर 'हाय८' छापलेलं असूनही आत डिजिटल८ असू शकतं, लोक सर्रास तीच टेप वापरायचे. या चारही कॅसेटसाठी सगळ्यात चांगलं यंत्र म्हणजे जुन्या ८ मिलिमीटरच्या कॅसेटही वाजवणारा डिजिटल८ कॅमेरा. सगळी मॉडेलं वाजवत नाहीत, घेण्यापूर्वी माहितीपुस्तिका बघा, शक्य तर तुमचीच कॅसेट घालून बघा. असा कॅमेरा ॲनालॉग चित्र आतल्या आत डीव्हीत बदलून त्याच फायरवायरवर देतो, म्हणजे तुमचा बाकीचा सगळा सरंजाम तोच राहतो. शिवाय बऱ्याच मॉडेलांत चित्र स्थिर करणारी सोय असते, तिला टीबीसी म्हणतात. ॲनालॉग टेपवर प्रत्येक रेघ किंचित इकडेतिकडे सुरू होते. त्यामुळे पाठीमागची दाराची चौकट गवताच्या पात्यासारखी डुलताना दिसते. टीबीसी चालू केलं की ती सरळ उभी राहते. फरक बघायचाच असेल तर माणसांकडे बघू नका, खिडकीच्या गजांकडे बघा.

असा कॅमेरा उसना मिळाला नाही तर व्हीएचएसच्या दोनांबरोबर या चारही बाहेर द्या. यूएसबीची स्वस्त कॅप्चर कांडी घेऊन घरी करता येतं, आणि लोक करतातही, पण तिच्यात चित्र आणि आवाज यांची गाडी हळूहळू चुकत जाते. सुरुवातीला कळत नाही, तासाभराने अंतरपाट खाली गेलेला असतो आणि 'सावधान' नंतर ऐकू येतं. टेपवरचा सिग्नल जरा डगमगला की अशी कांडी चौकटी गाळते आणि आवाज मात्र पूर्ण घेते, त्यामुळे हे होतं. वापरलीच तर सेटिंग पालवर आहे ना ते बघा, नाहीतर चित्र कृष्णधवल येईल. आणि व्हीएचएसच्या चित्रात तळाशी चार-सहा रेघा फडफडताना दिसतील, तो बिघाड समजू नका. जुन्या टीव्हीच्या काचेआड त्या झाकलेल्या असायच्या, संगणकावर उघड्या पडतात.

एक अपवाद. एखादी कॅसेट अमेरिकेतल्या नातेवाइकांनी तिथल्या कॅमेऱ्यावर भरून पाठवलेली असेल तर ती एनटीएससी, म्हणजे तिथल्या टीव्ही पद्धतीची, असणार. पालच्या कॅमेऱ्यावर ती कदाचित वाजणारच नाही. उतरवता आली तर तिला ओढूनताणून पाल करू नका, हालचाल धक्के खात दिसते. एनटीएससीचीच डीव्हीडी करा, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही वाजवतात.

आता डीव्हीडी. एका डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, संगणक तेच ४.३७ दाखवतो, दुकानदाराने फसवलेलं नाही. मी ४.३ च्या आसपास, म्हणजे कंपनीच्या मोजणीने, थांबतो. डिस्क आतून बाहेर भरत जाते, आणि बोटं लागून आधी बिघडते ती बाहेरची कड. एवढ्या जागेत एक तासाचं चित्रण सेकंदाला ८ मेगाबिटने बसतं, दीड तासाचं ६ ने, दोन तासांचं साडेचारने. साडेचारला अक्षता पडताना सगळा मांडव चौकोनी चौकोनी दिसतो. कारण उघड आहे, शेकडो दाणे एकदम हलतात आणि दाबायला जागा नसते. म्हणून एक कॅसेट एक डिस्क हा माझा नियम. आवाज एसी-३ मध्ये, म्हणजे दाबलेल्या रूपात, ठेवा. न दाबलेला पीसीएम ठेवलात तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो आणि चित्राच्या वाट्याला तेवढं कमी येतं.

'डीव्हीडीस्टायलर' हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. पाल, ७२० बाय ५७६, आणि चित्राचा आकार ४:३. हे शेवटचं विसरलात तर रुंद टीव्हीवर सगळे नातेवाईक आडवे सुटलेले दिसतात. याहून महत्त्वाचा पर्याय 'फील्ड ऑर्डर'चा. डीव्हीची प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची असते आणि त्यात खालचं अर्धं आधी येतं. सॉफ्टवेअरमध्ये 'बॉटम फील्ड फर्स्ट' ठेवा. उलटं झालं तर उभी माणसं छान दिसतात आणि अंगणात पळणारं पोर दोन पावलं पुढे, एक मागे असं थरथरतं. म्हणून तपासताना नेहमी पळणारं पोर, फिरणारा पंखा किंवा लेझीम असलेला तुकडा बघा. आणि संगणकावर नको, टीव्हीवर बघा. चित्र 'डीइंटरलेस' करायच्या, म्हणजे ती अर्धी चित्रं मोडून पूर्ण चौकटी करायच्या, फंदात डीव्हीडीसाठी पडू नका, ते काम प्लेअर आणि टीव्ही करतात.

मेनूमध्ये गुलाबाच्या पाकळ्या आणि फिरणारी हृदयं आम्हीच लोकांच्या माथी मारली, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. प्रसंगांची नावं आणि प्रत्येक प्रसंगाला एक चॅप्टर, बस.

कोऱ्या डिस्क चांगल्या घ्या, गठ्ठ्यातल्या बिननावाच्या नकोत. एके काळी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही मोझर बेअरच्या मिळायच्या, आता ती कंपनीच राहिली नाही. डीव्हीडी-आर घ्या, जुने प्लेअर तिला सहसा नाही म्हणत नाहीत. सोळाच्या वेगाने न लिहिता चार किंवा आठने लिहा आणि शेवटी 'व्हेरिफाय' होऊ द्या. वर कागदी स्टिकर चिकटवू नका, उष्णतेने तो आखडतो आणि डिस्क वाकते. सीडीसाठीच्या मार्करने मधल्या पारदर्शक गोलाजवळ नाव-तारीख लिहा. लिहिलेल्या डिस्कमधला रंग उन्हाने उडतो, तेव्हा टीव्हीशेजारच्या खिडकीत किंवा गाडीत ठेवायच्या नाहीत.

आईंचं मात्र आधी विचारून घ्या. घरातला डीव्हीडी प्लेअर खरंच चालू आहे का? माझ्याकडे गेल्या काही वर्षांत डीव्हीडी मागणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी ती घालायला भोकच नव्हतं. तसं असेल तर त्याच डीव्ही फाइलवरून एमपी४ करून पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे खोचून द्या. तिथं डीइंटरलेस करायचं, सेकंदाला ५० चौकटींनी, म्हणजे हालचाल मऊ राहते. 'हँडब्रेक'मध्ये ती सोय 'बॉब' नावाने आहे.

मूळ डीव्ही फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. बहिणीच्या सासरी ठेवा. कॅसेट टाकू नका. कोरड्या डब्यात, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा.

दुकानाचं राहिलं. सहा कॅसेट देणार असाल तर दुकानदाराला डीव्हीडीचा दर विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. मूळ कॅप्चर केलेली फाइल हार्ड डिस्कवर मिळेल का? आणि कॅसेट शेवटपर्यंत चालवणार का? पहिल्याला "तेवढी मोठी फाइल काय करणार?" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.

दुसरा प्रश्न तुम्ही घरी करतानाही स्वतःला विचारा. चित्रण संपलं, पडदा निळा झाला की बहुतेक जण तिथेच थांबतात, आणि काही सॉफ्टवेअरही थांबतात. पण लोक कॅसेट पुढे पळवून मध्ये जागा सोडून भरायचे, विशेषतः महत्त्वाच्या प्रसंगावर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून. गेल्या वर्षी मिरजेच्या एका घरातली बारशाची कॅसेट होती. बावीस मिनिटांनी निळा पडदा. मी चालू ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर एक्केचाळिसाव्या मिनिटाला स्वयंपाकघर होतं, एक म्हातारी बाई पाटावर बसून पुरणपोळी लाटत होती आणि कॅमेऱ्यामागच्या कुणाला तरी "बंद कर ते, पीठ लागेल त्याला" म्हणत होती. तीन मिनिटं, मग परत निळं. घरच्यांना ते आहे हेच माहीत नव्हतं. निळा पडदा आला तरी कॅसेट संपून आपोआप थांबेपर्यंत 'स्टॉप' दाबू नका.